७७ चौरस फुटांच्या खोलीत लॉफ्ट बेड : कामाच्या नोंदी, नाशिक

काम : सिडकोतल्या तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावरची छोटी बेडरूम. एकट्या माणसाचा पलंग वर आणि खाली अभ्यासाचं टेबल. लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा, सुटा करता येणारा. याच मापाच्या खोल्या नाशिकमध्ये हजारोंनी आहेत, म्हणून मापं, खर्च आणि बिघाड जसे झाले तसे लिहिले आहेत.

२८ एप्रिल : मापं

खोली गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत ९ फूट ९ इंच बाय ७ फूट ११ इंच. लहान भिंत तीन ठिकाणी मोजली : फरशीपाशी ९५ इंच, मध्यावर पाऊण इंचाच्या आत फरक, वर स्लॅबजवळ ९४½. गिलावा वर जाड आहे. पलंगाचं माप नेहमी सगळ्यात कमी आकड्यावरून काढायचं, कारण सांगाडा उभा करताना वरच्या टोकाला अडकतो.

खरं माप मात्र उभं आहे. फरशी ते स्लॅब ९ फूट ४ इंच, म्हणजे ११२ इंच. हिशेब वरून खाली करायचा :

गादीवर ताठ बसलेल्या मोठ्या माणसाचं डोकं साधारण ३४ ते ३६ इंचांवर येतं. त्यावर चार बोटं मोकळी ठेवायची तर गादी ते स्लॅब ४० इंच. उरले ७२. गादी ४ इंच, उरले ६८. पलंगाची चौकट २ इंच जाड, उरले ६६. म्हणजे खाली ५ फूट ६ इंच उंची मिळते. खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं ५२ ते ५४ इंचांवर असतं, त्यामुळे टेबलाशी काही अडचण नाही. खाली उभं राहताना मात्र उंच माणसाला वाकावं लागणार, हे आधीच मान्य करून पुढे जायचं.

स्लॅब ९ फुटांवर असेल तर खाली ६२ इंच उरतात, तेही चालतं. साडेआठ फुटांच्या खोलीत ५६ उरतात. तिथे टेबल बसवायच्या नादी लागू नये; पलंग कमी उंचीवर घेऊन खाली कपाटं आणि पेट्या ठेवाव्यात. अशा खोलीत ओढूनताणून उंच पलंग केला की वर बसता येत नाही आणि खालीही बसता येत नाही.

पलंग ज्या लहान भिंतीलगत बसणार, त्या मागच्या भिंतीवर बीम आहे. भिंत साडेचार इंची आणि बीम नऊ इंची, त्यामुळे बीम खोलीत साडेचार इंच पुढे येतो. त्याची खालची कड ८ फूट १ इंचावर आहे. भिंतीलगत उठताना डोकं आपटण्याची जागा ती हीच. टेप स्लॅबला लावला की हा बीम सुटतो. तो वेगळा मोजावा.

३० एप्रिल : पंखा

या कामात सगळ्यात आधी पंख्याचा निर्णय घ्यावा लागतो. खोलीच्या मध्यावरचा पंखा ४८ इंची, म्हणजे पातं मध्यापासून २४ इंच जातं. पंख्याचा मध्य मागच्या भिंतीपासून ५८½ इंचांवर, तेव्हा पातं भिंतीपासून ३४½ इंचांपर्यंत येतं. पलंग ४२ इंच रुंद. म्हणजे साडेसात इंच पातं थेट पलंगावर. पात्यांची उंची साधारण ९८ इंच आणि वर बसलेल्या माणसाचं डोकं १०५ च्या पुढे.

२४ इंची छोटा पंखा लावायचा पर्याय दोघा-तिघांनी सुचवला. त्यात पातं पलंगाच्या कडेपासून साडेचार इंच लांब राहतं. झोपेत बाहेर गेलेला हात दीड-दोन फूट सहज जातो. त्यामुळे तो पर्याय बाद. दांडी आखूड करूनही काही साधत नाही, कारण पातं आणि माणूस एकाच उंचीच्या पट्ट्यात राहतात.

पंखा उतरवला. छतातली वायर कनेक्टरमध्ये बंद करून वर झाकण लावलं. त्याऐवजी भिंतीवरचा १६ इंची पंखा, बारीक जाळीचा. जागा : पायथ्याच्या बाजूची भिंत, साडेसात फूट उंची, गादीवरून हात पोचणार नाही इतकं अंतर ठेवून.

३ मे : पाइप कोणता

फॅब्रिकेशनवाल्याचा पहिला शब्द, "दादा, चाळीस बाय चाळीस, सोळा गेज, हत्ती झोपला तरी हलणार नाही." सोळा गेज म्हणजे १.६ मि.मी. तुटणार नाही हे खरं आहे, पण वाकेल किती, ते पाहावं लागतं. लांब आडवी पाइप ७५ इंचांची. पलंगावर एकूण २५० किलो धरले तर एका पाइपवर १२५ येतात. ४०×४० सोळा गेज पाइप मधोमध साधारण ९ मि.मी. झोल देते, म्हणजे जवळपास तीन सूत. ५०×५० ची २ मि.मी. जाडीची पाइप साडेतीन ते चार मि.मी., म्हणजे सव्वा सुताच्या आत. तीन सूत झोल असलेला पलंग कूस बदलली की डुलतो आणि आवाज करतो. वजनाचा फरक मीटरला एक किलोच्या आसपास, पैशाचा फरक सगळा मिळून दोन हजारांच्या आत. ५०×५०×२ ठरली.

वजनाचं दुसरं टोक फरशी. सांगाडा, गादी, टेबल, पुस्तकं आणि माणसं धरून ३५० किलो. पलंग जमिनीवर २.१४ चौरस मीटर जागा व्यापतो. राहत्या घराच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग २ मध्ये चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास २०० किलो भार धरलेला असतो. त्या हिशेबाने या जागेवर ४२० किलोंच्या वर बसतं. टेबलाखाली धान्याची पिंपं किंवा पाण्याची टाकी ठेवायची नाही, एवढं पथ्य पुरे.

५ मे : कटिंगचा हिशेब

बाहेरचं माप ७९ बाय ४२ इंच, आतलं ७५ बाय ३८. गादी ७२ बाय ३६. चादर खोचायला हात जाईल इतकी जागा चहूबाजूंनी राहते.

५०×५० चे तुकडे :
पाय ८१ इंचांचे, ४
लांब आडव्या ७५ इंचांच्या, ३ (दोन पलंगाच्या, एक मागे टेबलाच्या उंचीवर)
आखूड आडव्या ३८ इंचांच्या, ४ (दोन वर, दोन फरशीपासून ६ इंचांवर)

बेरीज १७.८ मीटर येते. पाइप ६ मीटरची, म्हणून तीन नग पुरतील असं कागदावर दिसतं. पुरत नाहीत. दोन पाय कापल्यावर १.८८ मीटर उरतं आणि लांब आडवी हवी १.९० मीटर. दोन सेंटिमीटरसाठी चौथी पाइप घ्यावी लागते. बेरीज करून सामान आणलं की काम अर्ध्यावर थांबतं. प्रत्येक पाइपवर कुठला तुकडा बसतो ते खडूने लिहावं, आणि दर कापाला ब्लेडचे ३ मि.मी. सोडावेत. इथे चौथ्या पाइपमधून दोन आखूड आडव्या काढून चार मीटर उरली. त्यातून शिडीच्या दोन्ही बाजू निघाल्या, त्यामुळे वाया काही गेलं नाही.

२५×२५ सोळा गेज ४ नग : गादीखालच्या आडव्या, कठडा, टेबलाची चौकट. २५×२५×३ चा अँगल १ नग : लांब पाइपांना आतून, खालच्या कडेला धरून. सगळं मिळून १०६ किलो, ७२ रुपये दराने ७,६३२.

अँगल खालच्या कडेला लावण्याचं कारण उंची. अँगलवर २५ ची आडवी बसते, तिच्यावर १२ मि.मी. प्लाय, तरी प्लाय पाइपच्या वरच्या कडेपेक्षा १० मि.मी. खालीच राहतो. सगळा थर दोन इंचांत संपतो आणि गादी खाचेत बसल्याने सरकत नाही. लांब पाइपांच्या वर आडव्या आणि त्यांवर प्लाय ठेवायची नेहमीची पद्धत घेतली असती तर दीड इंच उंची वाया गेली असती.

९ मे : वेल्डिंग

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम दिलं. सांगाडा पूर्ण वेल्ड करून आणायचा नाही हे आधीच लिहून दिलं होतं. ७९ बाय ४२ बाय ८१ इंचांचा पिंजरा जिन्याच्या वळणावर फिरत नाही. दोन्ही टोकांच्या चौकटी वेल्ड केलेल्या आणि लांब पाइपा बोल्टने जोडायच्या, अशी रचना.

पहिल्या चौकटीचे कर्ण मोजले तर तीन सुतांचा फरक. चारही कोपरे टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) न मारता एकेक करून पूर्ण वेल्ड केले होते. गरम सांधा थंड होताना आकसतो आणि पाय त्या बाजूला ओढतो. दोन सांधे ग्राइंडरने कापले, गुण्या लावून क्लॅम्प बसवले, आधी चारही कोपऱ्यांना टाके, मग कर्ण, मग समोरासमोरचे कोपरे आलटूनपालटून वेल्ड. फरक अर्ध्या सुतावर आला. अर्धा दिवस गेला. कर्ण मोजायला दोन मिनिटं लागतात, ती टाके मारल्यावर लगेच काढावीत. पूर्ण वेल्ड झाल्यावर ती दुरुस्ती नसते, तोडफोड असते.

१२ मे : जोड

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा बिघाड हा, म्हणून सविस्तर.

लांब पाइपच्या टोकांना ५० बाय १३० ची, ६ मि.मी. जाड पट्टी वेल्ड केली. पट्टी पाइपच्या वर-खाली ४० मि.मी. येते आणि तिथून एकेक एम १० (१० मि.मी. जाड) बोल्ट पायातून आरपार जातो. वर्कशॉपमध्ये जोडून पाहिलं. पाना फिरवत गेलं की पायाची पाइप दोन्ही बाजूंनी आत दबू लागली. २ मि.मी. ची भिंत बोल्टचा ताण सोसत नाही. आत पोकळी आहे. बोल्ट ढिला ठेवला तर सांधा हलतो, आवळला तर पाइप चेपते. बाजारातल्या हलणाऱ्या लोखंडी पलंगांपैकी बहुतेकांचं दुखणं हेच असतं.

उपाय स्लीव्हचा. पायात १६ मि.मी. चं भोक आरपार पाडायचं. बाहेरून १६ आणि आतून १२ मि.मी. असलेल्या जाड पाइपचे ५० मि.मी. लांबीचे तुकडे त्यात घालायचे, दोन्ही तोंडांना गोल वेल्ड मारायचं आणि सपाट घासायचं. आता बोल्टचा दाब स्लीव्हवर येतो, पायाच्या भिंतीवर येत नाही. असे १२ स्लीव्ह लागले. चेपलेल्या दोन जागा आतून ठोकता येत नाहीत. त्यांवर ३ मि.मी. पट्टी वेल्ड करून सपाट केलं.

बोल्ट एम १० बाय ७५, ८.८ ग्रेडचे. बोल्टचं डोकं आत, नट बाहेर. नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला), प्रत्येक बाजूला वॉशर. साधा नट अधिक स्प्रिंग वॉशर हाही जोड चालतो, पण पलंगावर रोज चढ-उतार आहे. नायलॉक जास्त दिवस टिकतो.

१४ मे : शिडी

पहिल्या आराखड्यात शिडी पलंगाचं टोक आणि भिंत यांमधल्या साडेपंधरा इंचांच्या फटीत होती. जागा वाचते असं कागदावर वाटतं. वर्कशॉपमध्ये चौकटीसमोर साडेपंधरा इंचांवर प्लाय उभा करून चढून पाहिलं : गुडघा पायरीला लागतो आणि पाठ भिंतीला. शिडीकडे तोंड करून चढणाऱ्या माणसाला मागे किमान दोन फूट लागतात. शिडी लांब बाजूला, पायथ्याकडच्या टोकाला घेतली. फटीत अरुंद पुस्तकांचं कपाट जाईल.

शिडीचा पाया पलंगापासून १६ इंच पुढे. ६८ इंच उंचीचे सात भाग, म्हणजे सहा पायऱ्या, दर पायरीला पावणेदहा इंचांच्या आसपास. पायऱ्या सागाच्या, ३ इंच रुंद आणि इंचभर जाड, अँगलच्या तुकड्यांवर खालून स्क्रूने. गोल पाइपच्या पायऱ्या स्वस्त पडतात, पण अनवाणी पायाला टोचतात आणि रात्री उतरताना तळवा त्यांवरून गुंडाळून निसटतो. वरच्या दोन पायऱ्यांवर खडबडीत पट्टी चिकटवली. शिडी वरच्या पाइपला एम ८ बोल्टने बांधलेली, नुसती अडकवलेली नाही.

१५ मे : कठडा

पाय ८१ इंचांपर्यंत नेले ते कठड्यासाठी. गादी बसल्यावर वरचा दांडा गादीपेक्षा सव्वानऊ इंच उंच राहतो. अमेरिकेतल्या बंक बेडच्या नियमांत गादीवर किमान ५ इंच आणि युरोपच्या ईएन ७४७ मध्ये १६० मि.मी. धरलेले आहेत. म्हणजे गादी बदलून ६ इंची घेतली तरी सुरक्षित उंची उरते. ८ इंची घेतली तर ती अमेरिकी नियमाच्या अगदी काठावर येते आणि युरोपच्या नियमात बसत नाही. जाड गादीचा मोह इथेच सोडावा.

पलंगाची पाइप आणि वरचा दांडा यांत १२ इंच. मध्ये इंचाचे दोन दांडे, म्हणून मोकळी फट ३.३ इंचांची. अमेरिकी नियम साडेतीन इंचांपेक्षा मोठी फट चालू देत नाही, कारण लहान मुलाचं अंग फटीतून जातं आणि डोकं अडकतं. त्या एका कारणासाठी दांड्यांची संख्या कमी करू नये. शिडीपाशी १८ इंच मोकळे. भिंतीच्या बाजूलाही वरचा एक दांडा लावला. गादी आणि भिंत यांमध्ये माणूस सरकू नये म्हणून. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, हे दोन्हीकडचे नियम सांगतात. घरी पाहुण्यांची मुलं आली की शिडी काढून ठेवता येते, हा बोल्टच्या शिडीचा आणखी एक फायदा.

१९ मे : पावडर कोटिंग

रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंटऐवजी पावडर कोटिंग घेतलं. ब्रशचा रंग दमट दिवसांत नीट वाळत नाही आणि चिकट राहिला तर गादीला लागतो. कोटिंगच्या भट्टीत १८० ते २०० अंश तापमान असतं, त्यामुळे रबर, प्लास्टिक टोप्या, लाकूड काहीही लावायच्या आधी पाठवायचं. भट्टीची लांबी आधी विचारावी.

परत आलेल्या मालात गादीखालच्या आडव्यांसाठी वेल्ड केलेल्या एम ६ नटांत पावडर शिजून बसली होती. बोल्ट शिरेना. एकेका नटात टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवावा लागला, त्यात संध्याकाळ गेली. पाठवताना प्रत्येक नटात जुना बोल्ट पिळून ठेवला असता तर हे टळतं.

२१ मे : प्लाय

१२ मि.मी. चा बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारा) प्लाय, आयएस ३०३ चा शिक्का पाहून. ८ बाय ४ च्या एका शीटमधून तीन गोष्टी निघतात : पलंगाचा तळ ७५ बाय ३८, टेबलाचा पृष्ठभाग ४८ बाय पावणेएकवीस, आणि फटीतल्या कपाटासाठी ७५ बाय पावणेदहा इंचांची पट्टी. टेबलाला १२ मि.मी. बारीक पडतं, म्हणून खाली २५ च्या पाइपची चौकट.

तळ एकसंध ठेवला नाही. मधोमध, साडेसदतीस इंचांवर कापला. पाच आडव्यांपैकी मधली बरोबर तिथे येते आणि दोन्ही तुकड्यांना १२ मि.मी. टेकू मिळतो. एकसंध तळ कठड्यातून आत घालता येत नाही आणि पुढे कधी उचलताही येत नाही.

२३ मे : उभारणी

फरशीवर पाणसळ फिरवली : दरवाज्याकडे ४ मि.मी. उतार. पायांखाली १०० बाय १०० ची ६ मि.मी. पट्टी, तिच्याखाली ५ मि.मी. रबर, आणि दरवाज्याकडच्या दोन पायांना रबराचा आणखी एक थर. आधी प्रत्येक पायाखालची फरशी ठोकून पाहिली. पोकळ वाजणाऱ्या फरशीवर पाय आला तर ती तडकते. इथे एक पाय अडीच इंच सरकवावा लागला असता, पण पट्टीचा अर्धा भाग शेजारच्या भरीव फरशीवर येत होता म्हणून तसाच ठेवला.

बोल्ट आधी सगळे हाताने. ओळंबा पाहून मगच पान्याने आवळले.

२४ मे : भिंतीचा आधार

वजन पायांवर आहे, भिंतीवर नाही. भिंतीचं काम फक्त डुलणं थांबवणं. वरचं टोक ढकलल्यावर मोकळा सांगाडा १० ते १२ मि.मी. हलत होता.

मागची भिंत साडेचार इंची विटांची आणि पलीकडे बाथरूम. नळाच्या पाइपा भिंतीत गेलेल्या असतात, म्हणून नळ आणि शॉवरच्या सरळ रेषेत वर-खाली कुठेही ड्रिल लावलं नाही. एका कोपऱ्यात आरसीसी कॉलम आहे. तिथे एम १० चा अँकर फास्टनर पहिल्याच वेळी घट्ट बसला. दुसऱ्या टोकाला विटेत तोच फास्टनर आवळताना गोल फिरू लागला. भोक दोन विटांमधल्या दरजेत पडलं होतं आणि लांबीचा बराच भाग २० मि.मी. गिलाव्यातच गेला होता. गिलावा काही धरत नाही.

ते भोक सिमेंटने भरलं. तीन इंच बाजूला, गिलावा थोडा खरवडून विटेचा मध्य शोधला आणि १० बाय १२० चा नायलॉन आवरणाचा लांब स्क्रू वापरला. विटेत ड्रिल हॅमरवर चालवायचं नाही. वीट आतून फुटते आणि भोक मोठं होतं. नव्या इमारतींत हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती असतात. तिथे लोखंडी फास्टनर अजिबात वापरू नये. ब्लॉकसाठीचा नायलॉन अँकर किंवा केमिकल अँकर घ्यावा.

दोन्ही आधार आवळल्यावर डुलणं हाताला जाणवेनासं झालं.

२५ मे : भार

५० किलोंच्या सिमेंटच्या पाच गोण्या वर चढवल्या. पुढच्या लांब पाइपला दोरा ताणून झोल मोजला : ३ मि.मी., एक सूत. रात्रभर ठेवल्या. सकाळी उतरवल्यावर दोरा परत पाइपला टेकला. वेल्डजवळ पावडरला केसासारखी तडा दिसते का ते बॅटरीने पाहिलं. दिसली असती तर तिथला सांधा कच्चा. कुठेही नव्हती.

२७ मे : वीज

पलंगाखाली एलईडी पट्टी, वर वाचायचा दिवा आणि गादीवरून हात पोचेल असा स्विच. भिंतीवरची जुनी ट्यूब साडेसात फुटांवर होती. ती झोपणाऱ्याच्या डोळ्यांत येते, म्हणून समोरच्या भिंतीवर हलवली. वायर केसिंग पट्टीतून, पाइपच्या कापलेल्या कडांवरून कुठेही नाही. लोखंडी पलंगाला दिवा लावला की पलंगाला अर्थिंग द्यावं. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही, त्यामुळे लग (अर्थिंगच्या वायरचं टोक) बसवायच्या जागी कोटिंग खरवडून उघडं लोखंड काढलं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, तेही याच वेळी पाहून घ्यावं.

२९ मे : उष्णता

रात्री दहा वाजता तापमान : टेबलाच्या उंचीवर ३१.५, गादीवर ३४, स्लॅबखाली एका वितीवर ३६. दिवसभर तापलेली गच्ची रात्री उष्णता खाली सोडते आणि झोपणारा तिच्यापासून सव्वातीन फुटांवर असतो.

भिंतीवरचा पंखा ही हवा फिरवतो, बाहेर काढत नाही. खिडकीची वरची कड ७ फुटांवर, ८४ इंच. गादी जवळपास ७२ वर. म्हणजे खिडकीचा जेमतेम फूटभर भाग गादीच्या वर आणि त्याच्या वर २८ इंचांचा पट्टा असा की तिथल्या गरम हवेला वाट नाही. खाली झोपताना हा पट्टा कुणाच्या लक्षात येत नाही. लॉफ्ट बेडवर माणूस त्यातच झोपतो.

दोन गोष्टी केल्या. सोसायटीची परवानगी घेऊन खोलीवरच्या गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग, दोन हात. आणि बाहेरच्या भिंतीत ६ इंची एक्झॉस्ट पंखा. त्याची जागा शोधायला वेळ लागला : वर बीम, खिडकीवर लिंटल (वरच्या भिंतीचं वजन पेलणारी आडवी पट्टी), दोन्हींत भोक पाडायचं नाही. खिडकीच्या बाजूला, लिंटलचं टेकणं सोडून आणि बीमच्या खाली, साडेसात फुटांवर मध्य धरून भोक कोअर मशीनने पाडलं. लिंटलचा पट्टा सगळ्या भिंतीवर सलग असेल तर भिंतीला हात लावू नये. खिडकीच्या वरच्या काचेत पंखा बसवावा.

६ जून : परत मोजलं

साधारण तितक्याच तापलेल्या दिवसानंतर, त्याच वेळी : टेबलाशी ३१, गादीवर ३२. एक्झॉस्ट संध्याकाळी सातपासून चालू ठेवावा लागतो. झोपताना सुरू करून उपयोग नाही, तोवर गादीच तापलेली असते.

१० जून : आवाज

कूस बदलली की करकर. बोल्ट सगळे घट्ट. आवाज प्लाय आणि आडव्या पाइपांच्या घर्षणाचा निघाला. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून तिच्या पट्ट्या पाचही आडव्यांवर आणि अँगलवर चिकटवल्या, शेजारच्या पंक्चरवाल्याकडून फुकट मिळाल्या. करकर थांबली. हे प्लाय बसवायच्या आधी करावं.

१३ जुलै : ओल

चादर बदलताना गादी उचलली तर खाली प्लायवर ओलसर डाग आणि कुबट वास. पाऊस आत येत नाही. झोपणाऱ्याच्या अंगाची वाफ फोमच्या गादीतून खाली जाते आणि प्लायला अडून तिथेच राहते. जमिनीवरच्या पेटीच्या पलंगातही हे होतं, पण तिथे गादी उन्हात नेणं सोपं आहे. ६८ इंचांवरची गादी कुणी रोज खाली उतरवत नाही.

दोन्ही तुकडे काढले. आडव्यांच्या जागा सोडून सहा-सहा इंचांवर २५ मि.मी. ची भोकं होल सॉने पाडली, कडा घासल्या आणि भोकांच्या आतूनही वॉर्निश फिरवलं. कापलेल्या कडांतून प्लाय पाणी पितो, म्हणून ते टाळू नये. डाग पुसून, वाळवून परत बसवले. पुढच्या पावसाळी आठवड्यांत डाग आला नाही. नव्याने करणाऱ्यांनी प्लाय आणल्या दिवशीच भोकं पाडावीत. किंवा ३ इंची फळ्या दोन इंचांच्या फटी ठेवून वापराव्यात. कापसाची गादी वर नेऊ नये. जड असते आणि पावसाळ्यात ओल धरून ठेवते.

२० जुलै : खर्च

पाइप आणि अँगल ७,६३२
पट्ट्या, स्लीव्ह ६५०
कटिंग, वेल्डिंग मजुरी ६,५००
पावडर कोटिंग २,२००
प्लाय, ३२ चौरस फूट, ८२ च्या दराने २,६२४
सागाच्या पायऱ्या ७००
बोल्ट, फास्टनर, रबर ९८०
टेम्पो ६००
भिंतीवरचा पंखा २,४५०
वायरिंग, सामानासह १,६००
एक्झॉस्ट आणि भोक २,०५०
गच्चीचा रंग १,८००

एकूण २९,७८६ रुपये. शेवटच्या चार ओळींचे ७,९०० होतात, म्हणजे चौथ्या हिश्शापेक्षा जास्त पैसा हवा आणि विजेवर गेला. फॅब्रिकेशनवाल्याच्या कोटेशनमध्ये यातलं काहीच नसतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे पैसे पहिल्या दिवशी बाजूला काढावेत; ते नसतील तर काम पुढे ढकलावं, पण पंखा मध्यावर ठेवून पलंग उभारू नये. खालच्या मजल्यांवर गच्चीचा रंग लागत नाही, एक्झॉस्ट मात्र तिथेही लागतो.

१८ ऑगस्ट : पाना

बाराही बोल्ट तपासले. मागच्या खालच्या पाइपचे दोन पाव फेरा फिरले, बाकी जागेवर. शिडीचा एक एम ८ हाताने हलत होता. तिथे साधा नट राहून गेला होता, तो बदलून नायलॉक घातला. भिंतीचे दोन्ही आधार घट्ट. पायांखालचं रबर दबून दीड मि.मी. बसलं आहे, दरवाज्याकडच्या बाजूला थोडं जास्त. पाणसळीत अजून फरक पडलेला नाही. पुढची तपासणी दिवाळीच्या साफसफाईत, तेव्हा गादी उचलून प्लायची भोकंही पाहायची.